आंबा गेला, अणुभट्टी आली नाही

एप्रिल २००७ मध्ये लासलगावच्या 'कृषक' केंद्रात गॅमा किरणांची प्रक्रिया झालेल्या हापूस आणि केशर आंब्यांच्या पेट्या विमानाने अमेरिकेला रवाना झाल्या. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या या केंद्रातून झालेली ही पाठवणी १८ वर्षांनंतरची होती. कोयीतील किडीच्या कारणास्तव अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंब्याला दरवाजे बंद केले होते. ते उघडण्याचा निर्णय झाला मार्च २००६ मध्ये, अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या दिल्ली भेटीत. त्याच भेटीत भारताच्या २२ अणुभट्ट्यांपैकी १४ भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणण्याची योजना मान्य झाली आणि भारत-अमेरिका नागरी अणुकराराचा मार्ग मोकळा झाला. आंब्याची बातमी वृत्तपत्रांनी चौकटीत छापली, अणुकराराची मथळ्यात. दोन दशकांनंतर हिशेब मांडला, तर चौकटीतील बातमी खरी ठरली आहे आणि मथळ्यातील बातमी अपूर्ण राहिली आहे. आंबा दरवर्षी जातो. अमेरिकी बनावटीची एकही नवी अणुभट्टी मात्र भारतात उभी राहिलेली नाही.

जगातील दोन सर्वांत मोठ्या लोकशाही राष्ट्रांच्या 'व्यूहात्मक भागीदारी'ची चर्चा होते, तेव्हा सामायिक मूल्यांचा उल्लेख हटकून होतो. अटलबिहारी वाजपेयी यांनी सप्टेंबर १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे या दोन देशांचे वर्णन 'स्वाभाविक मित्र' असे केले, तेव्हा पोखरणच्या दुसऱ्या चाचण्यांना चार महिनेच झाले होते आणि अमेरिकेचे निर्बंध लागू होते. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पंतप्रधानाने आणि प्रत्येक अध्यक्षाने ते सूत्र या ना त्या शब्दांत पुढे चालवले. परंतु लोकशाही हा या संबंधांतील केवळ दुवा नाही. ती अडचणही आहे, ही गोष्ट भाषणांत येत नाही. लोकशाहीत शब्द देतो तो सरकारप्रमुख, आणि तो पाळायचा की नाही हे ठरवताना कायदेमंडळ, न्यायालय, मतदार आणि पुढचे सरकार या सर्वांचा हात असतो. अमेरिकेच्या बाबतीत भारताने याचा पहिला मोठा अनुभव घेतला तो मुंबईपासून शंभर किलोमीटरवर, तारापूरला.

तारापूरच्या अणुवीज प्रकल्पासंबंधीचा भारत-अमेरिका करार १९६३ चा. पंडित नेहरू पंतप्रधान होते, होमी भाभा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या प्रकारातील दोन भट्ट्या उभारून द्यायच्या, त्यासाठी अमेरिकेने कर्ज द्यायचे, आणि प्रकल्पाला लागणारे समृद्ध युरेनियम ३० वर्षे अमेरिकेनेच पुरवायचे, असे ठरले. त्या बदल्यात भारताने या भट्ट्यांत अमेरिकी इंधनच वापरायचे आणि आंतरराष्ट्रीय देखरेख मान्य करायची होती. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये तिची ग्राहक. देशातील पहिली अणुवीज ती हीच.

मे १९७४ मध्ये पोखरणला पहिला अणुस्फोट झाला आणि चित्र पालटले. अमेरिकेची तक्रार निराधार नव्हती, हेही नमूद करावयास हवे. स्फोटासाठी वापरलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या 'सायरस' भट्टीतले होते. ती भट्टी कॅनडाच्या मदतीने उभी राहिली होती आणि तिच्यातील जड पाणी शांततामय उपयोगाच्या अटीवर अमेरिकेने दिले होते. स्फोट 'शांततामय' होता, हे भारताचे स्पष्टीकरण वॉशिंग्टनला पटले नाही. तथापि तारापूरच्या भट्ट्यांचा त्या स्फोटाशी काहीही संबंध नव्हता. त्या देखरेखीखाली होत्या आणि देखरेखीच्या कोणत्याही अटीचा तेथे भंग झालेला नव्हता. तरी शिक्षा झाली ती तारापूरलाच.

जानेवारी १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर दिल्लीला आले. पंतप्रधान होते मोरारजी देसाई; अण्वस्त्रांना त्यांचा व्यक्तिशः विरोध होता. मोरारजींना एक थंड आणि अत्यंत रोखठोक पत्र पाठवावे लागेल, असे कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना हलक्या आवाजात म्हणाले आणि जवळचा ध्वनिक्षेपक सुरू असल्याने ते पत्रकारांच्या कानी पडले. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अण्वस्त्र प्रसारबंदीचा नवा कायदा केला. आपले सर्व अणुप्रकल्प देखरेखीखाली न आणणाऱ्या देशाला इंधन मिळणार नाही, असे त्याने ठरवले. १९६३ च्या करारात अशी अट नव्हती. म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशाशी केलेला करार पहिल्या देशाच्या संसदेने नंतर केलेल्या कायद्याने बदलला गेला. भारताच्या दृष्टीने हा करारभंग होता. अमेरिकेच्या दृष्टीने तो कायद्याचा अंमल होता. १९८० मध्ये तर अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने इंधनाच्या दोन खेपांना परवाना नाकारला, कार्टर यांनी आपल्या अधिकारात तो निर्णय फिरवला, प्रतिनिधिगृहाने अध्यक्षांच्या विरोधात कौल दिला आणि सिनेटमध्ये अवघ्या दोन मतांनी, ४८ विरुद्ध ४६ अशा फरकाने, ते इंधन सुटले. बोईसर-पालघरच्या गिरण्यांना मिळणारी वीज अशी वॉशिंग्टनमधील दोन मतांवर लटकली होती.

अखेर १९८२ मध्ये इंदिरा गांधी आणि रोनाल्ड रेगन यांनी तोडगा काढला: इंधन फ्रान्स देईल. पुढे १९९० च्या दशकात ते चीनकडून आले आणि २००१ मध्ये रशियाकडून. अमेरिकी भट्ट्यांना फ्रेंच, चिनी आणि रशियन इंधन, अशी ही कहाणी आहे. साउथ ब्लॉकमध्ये किंवा अणुशक्तिनगरमध्ये 'अमेरिकेवर विसंबता येत नाही' असे जे वारंवार म्हटले जाते, त्यामागे १९७१ च्या 'एंटरप्राइझ' युद्धनौकेची आठवण जितकी आहे, तितकीच, किंबहुना अधिक, तारापूरची आहे. युद्धनौका आली तशी निघून गेली. इंधनाचा प्रश्न वीस वर्षे पुरला.

या पार्श्वभूमीवर १८ जुलै २००५ रोजी डॉ. मनमोहन सिंग आणि बुश यांनी वॉशिंग्टनमध्ये केलेली घोषणा किती धाडसी होती, हे लक्षात येते. त्याआधी जसवंत सिंह आणि स्ट्रोब टालबोट यांच्यातील चर्चेच्या फेऱ्या, कारगिल संघर्षाच्या वेळी क्लिंटन यांनी नवाझ शरीफ यांच्यावर आणलेला दबाव, मार्च २००० मधील क्लिंटन यांची भारतभेट आणि जानेवारी २००४ चा भागीदारीच्या पुढच्या पायऱ्यांचा आराखडा, अशी तयारी झाली होती. परंतु अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी अणुव्यापार करण्यासाठी अमेरिकेने स्वतःचाच कायदा वाकवणे, ही वेगळ्या प्रतीची गोष्ट होती.

तारापूरचे भूत त्या वाटाघाटींत पदोपदी हजर होते. भारताने इंधनाच्या अखंड पुरवठ्याची हमी मागितली. अमेरिकेने पुरवठा थांबवल्यास अन्य देशांकडून तो मिळवून देण्याची आणि भट्ट्यांच्या आयुष्यभराचा इंधनसाठा करू देण्याची तरतूद मागितली. फास्ट ब्रीडर भट्ट्या देखरेखीखाली द्याव्यात, असा अमेरिकी आग्रह होता. अणुऊर्जा आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी फेब्रुवारी २००६ मध्ये त्याला जाहीर विरोध केला. कोणती भट्टी नागरी आणि कोणती नाही, हे भारतच ठरवेल, ही त्यांची भूमिका अखेर टिकली आणि कल्पाक्कमची ब्रीडर भट्टी यादीबाहेर राहिली. पदावरील शास्त्रज्ञाने आपल्याच सरकारच्या वाटाघाटी चालू असताना उघडपणे बोलावे, हे आपल्याकडे क्वचित घडते. डॉ. काकोडकरांनी ते केले नसते तर काय झाले असते, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हाइड कायदा केला. अध्यक्षांनी दिलेल्या आश्वासनांना काँग्रेसने आपल्या अटी जोडल्या. त्यांत इराणविषयक धोरणाचाही उल्लेख होता. दिल्लीत वादळ उठले. डाव्या पक्षांनी जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढून घेतला आणि २२ जुलै रोजी सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी जिंकला. त्या दिवशी लोकसभेत नोटांची बंडले फडकली, हे दृश्य देशाने थेट प्रक्षेपणात पाहिले. सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली, अमेरिकी सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी करार संमत केला आणि १० ऑक्टोबर २००८ रोजी प्रणव मुखर्जी व कोंडोलिझा राइस यांनी त्यावर सह्या केल्या.

येथवरची कहाणी यशाची आहे, आणि ते यश खोटे नव्हते. २००८ च्या सुमारास देशी युरेनियमच्या टंचाईमुळे भारतीय अणुवीज केंद्रे जेमतेम निम्म्या क्षमतेने चालत होती. सूट मिळाल्यानंतर रशिया, फ्रान्स, कझाकस्तान, कॅनडा येथून युरेनियम आले आणि ही केंद्रे पूर्ण जोमाने चालू लागली. दार अमेरिकेने उघडले, माल इतरांनी विकला. अमेरिकी उद्योगांना जे विकायचे होते, म्हणजे अणुभट्ट्या, ते मात्र अडले. या वेळी अडवणारी संसद वॉशिंग्टनची नव्हती, दिल्लीची होती.

अमेरिकेच्या नावाने बोटे मोडताना ही बाजू आपल्याकडे सोयीस्करपणे विसरली जाते. ७ जून २०१० रोजी भोपाळच्या न्यायालयाने वायुगळती खटल्यातील आरोपींना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. हजारो मृत्यूंनंतर, २५ वर्षांहून अधिक काळाने, दोन वर्षे. देशभर संताप उसळला आणि त्याच उन्हाळ्यात अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचे विधेयक संसदेसमोर होते. जगात सर्वसाधारणपणे अपघाताची जबाबदारी प्रकल्प चालवणाऱ्याची मानली जाते. भारतीय संसदेने कलम १७(ब) घालून, सदोष सामग्री पुरवणाऱ्या कंपनीकडून भरपाई वसूल करण्याचा अधिकार चालकाला दिला. भोपाळच्या अनुभवानंतर ही तरतूद अवाजवी म्हणता येणार नाही. परंतु तिचा परिणाम असा झाला, की जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउस या दोन्ही कंपन्यांनी हात आखडता घेतला. जानेवारी २०१५ मध्ये बराक ओबामा प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे होते. तेव्हा १,५०० कोटी रुपयांच्या विमा निधीचा तोडगा 'कोंडी फुटली' म्हणून जाहीर झाला. कोंडी फुटली नाही. मार्च २०१७ मध्ये वेस्टिंगहाउसने स्वतःच दिवाळखोरी जाहीर केली. गुजरातमधील मिठी विर्डी येथे नियोजित असलेल्या तिच्या भट्ट्या आंध्र प्रदेशातील कोव्वाडा येथे हलवण्यात आल्या होत्या. सहा भट्ट्यांचा हा प्रकल्प तेथेही कागदावरच राहिला.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांति' विधेयक मंजूर करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाई कायदा दोन्ही मोडीत काढले. खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्र खुले झाले आणि पुरवठादारावरील कलम १७(ब) ची टांगती तलवार दूर झाली. विरोधकांनी विधेयक संसदीय समितीकडे पाठवण्याची मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. १५ वर्षे अडलेला प्रश्न अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत निकाली निघाला. ज्या भोपाळच्या स्मृतीतून जुनी तरतूद आली होती, तिचे काय करायचे, यावर संसदेत अधिक चर्चा व्हायला हवी होती.

अणुऊर्जेची गाडी अडली असताना संरक्षण क्षेत्रातील गाडी मात्र वेगाने धावली, ही या भागीदारीतील लक्षणीय बाब आहे. २००८ पूर्वी नगण्य असलेली अमेरिकी शस्त्रखरेदी २० अब्ज डॉलरच्या वर गेली. सी-१३० आणि सी-१७ मालवाहू विमाने, पी-८ टेहळणी विमाने, अपाची आणि चिनूक हेलिकॉप्टर, एम-७७७ तोफा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ ड्रोनचा करार. २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये रसद, दूरसंचार आणि भूस्थानिक माहितीविषयीचे तीन पायाभूत करार झाले. १९९२ मध्ये दोन नौदलांच्या लहानशा कवायतीने सुरू झालेला 'मलबार' सराव आज जपान आणि ऑस्ट्रेलियासह चौघांचा आहे. यामागील कारण उघड आहे आणि त्याचे नाव चीन आहे. जून २०२० मधील गलवानच्या चकमकीनंतर लडाखच्या हिवाळ्यात तैनात जवानांसाठी अमेरिकेकडून थंडीचे कपडे तातडीने घेण्यात आले. मैत्रीचा अर्थ अशा वेळी कळतो, हे मान्य करायला हरकत नाही.

तरीही येथेसुद्धा तारापूरचा प्रश्न सुटलेला नाही, त्याने केवळ रूप बदलले आहे. रशियाकडून एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणा घेण्याचा करार भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये केला, तेव्हा २०१७ च्या अमेरिकी निर्बंध कायद्याची टांगती तलवार डोक्यावर होती. ती पडली नाही, पण काढलीही गेली नाही. दुसरे उदाहरण तेजस विमानाचे. नाशिकच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधलेल्या तेजस मार्क-१ ए विमानाचे पहिले उड्डाण ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमान देशी, इंजिन अमेरिकी. ९९ इंजिनांचा करार २०२१ चा. पहिले इंजिन मिळाले मार्च २०२५ मध्ये, सुमारे दोन वर्षे उशिरा. या विलंबामागे राजकारण नव्हते, पुरवठा साखळीच्या अडचणी होत्या, असे सांगितले जाते आणि ते खरे असावे. परंतु विमानांच्या तुकड्या कमी होत चाललेल्या हवाई दलाला विलंबाचे कारण कोणते, याने फारसा फरक पडत नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर या भागीदारीचा ताळेबंद २६/११ च्या खटल्यांत सर्वांत स्पष्ट दिसतो. हल्ल्यात सहा अमेरिकी नागरिक मृत्युमुखी पडले आणि अमेरिकी तपास यंत्रणेने भारताला मोलाची मदत केली. पण हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकी नागरिक होता. २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्या बदल्यात त्याला भारताच्या स्वाधीन न करण्याचे अमेरिकी सरकारने मान्य केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयापुढे साक्ष दिली ती दूरदृश्य प्रणालीद्वारे, अमेरिकेतूनच. त्याचा साथीदार तहव्वुर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला. मधली वर्षे अमेरिकी न्यायालयांतील अपिलांत गेली. येथेही दोष द्यायचा तर कोणाला? हेडलीला मिळालेली सवलत अमेरिकी कायद्यानुसार होती, राणाला मिळालेल्या अपिलाच्या संधीही कायद्यानुसारच. सीएसटीच्या फलाटावर ज्यांनी माणसे गमावली, त्यांच्यासाठी मात्र हे उत्तर पुरेसे नाही.

२०२५ साल या संबंधांना इतके जड जाईल, असे फेब्रुवारीत कोणाला वाटले नव्हते. तशी चिन्हे मात्र होती. ५ फेब्रुवारी रोजी बेकायदा स्थलांतरित म्हणून परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी हवाई दलाचे सी-१७ विमान अमृतसरला उतरले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. याच जातीची ११ विमाने भारतीय हवाई दलाकडे आहेत. भागीदारीच्या सुवर्णकाळातली ती मोठी खरेदी. आठच दिवसांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०३० पर्यंत व्यापार ५०० अब्ज डॉलरवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष थांबल्यावर तो आपण थांबवला, असे ट्रम्प पुन्हा पुन्हा सांगू लागले. भारताने मध्यस्थीचा दावा फेटाळला. जूनमध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर व्हाइट हाउसमध्ये भोजनाला होते. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के आयातशुल्क लागू झाले, २७ ऑगस्टपासून रशियन तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के. एकूण ५० टक्के. चीन रशियाकडून भारतापेक्षा कमी तेल घेत नव्हता. त्याला या कारणासाठी असा दंड झाला नाही. सप्टेंबरमध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे पुण्याच्या हिंजवडीत त्या आठवड्यात काय बोलले जात असेल, ते सांगायला नको. अंधेरीच्या सीप्झमधील दागिन्यांचे कारखाने प्रामुख्याने अमेरिकी ग्राहकांवर चालतात. त्यांच्यासाठी ऐन नाताळच्या मागणीचा हंगाम या शुल्काखाली गेला.

यानंतर जे घडले, ते तारापूरच्या कहाणीचे उलटे रूप आहे. फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात दोन्ही देशांनी अंतरिम व्यापार समझोत्याची चौकट जाहीर केली. भारतावरील शुल्क १८ टक्क्यांवर आणण्याचे आणि रशियन तेलापोटीचा २५ टक्क्यांचा भार काढण्याचे ठरले. भारतानेही अमेरिकी मालावरील शुल्कांत कपात मान्य केली. आणि २० फेब्रुवारी रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला, की १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकार कायद्याखाली अध्यक्षांना आयातशुल्क लावण्याचा अधिकारच नाही. म्हणजे जे शुल्क कमी करून घेण्यासाठी भारताने वाटाघाटी केल्या, ते शुल्कच बेकायदा होते. तारापूरच्या वेळी अध्यक्ष देऊ इच्छित होते आणि काँग्रेस अडवत होती. या वेळी अध्यक्ष अडवत होते आणि न्यायालयाने सोडवले. ट्रम्प यांनी लगेच १९७४ च्या व्यापार कायद्यातील कलम १२२ चा आधार घेऊन सर्व देशांवर तात्पुरते शुल्क लावले. त्याची मुदत १५० दिवसांची. पुढे चालू ठेवायचे तर काँग्रेसची संमती लागते. दिल्लीतील वाटाघाटी करणाऱ्यांना आता अमेरिकी कायद्यांची कलमे अमेरिकी वकिलांइतकीच पाठ असावी लागतील.

यातून 'अमेरिका विश्वासार्ह नाही' असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. काही जण तो काढतातही. परंतु याच वादळी वर्षात, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, क्वालालंपूर येथे राजनाथ सिंह आणि पीट हेगसेथ यांनी संरक्षण सहकार्याच्या दहा वर्षांच्या नव्या चौकटीवर सह्या केल्या. याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने होल्टेक कंपनीला लहान आकाराच्या अणुभट्ट्यांचे तंत्रज्ञान तीन भारतीय कंपन्यांना देण्याची परवानगी दिली. त्यांपैकी एक, होल्टेक एशिया, पुण्यातली आहे. वरच्या पातळीवर गडगडाट चालू असताना खालच्या पातळीवर खाती, लष्करे आणि कंपन्या आपापले काम करत राहिल्या. संबंधांना खोली आली आहे, ती हीच. १९७४ मध्ये किंवा १९९८ मध्ये ती नव्हती.

फरक एवढाच, की ही खोली हमी नव्हे. अमेरिकी शब्दाला किंमत आहे, पण तो शब्द कोणाचा आहे, अध्यक्षांचा, खात्याचा, की काँग्रेसच्या कायद्याचा, हे पाहून ती ठरवावी लागते. भारताच्या शब्दाबाबत अमेरिकी कंपन्यांचाही हाच अनुभव आहे. २००८ मध्ये सही करून २०१० मध्ये वेगळा कायदा करणारा देश त्यांच्या लेखी कसा असेल? मे २०२५ मध्ये नवी मुंबईत प्रक्रिया झालेल्या आंब्यांच्या १५ खेपा कागदपत्रांतील त्रुटी दाखवून अमेरिकी विमानतळांवर नाकारण्यात आल्या. ती प्रक्रिया अमेरिकी कृषी खात्याच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीच होते. माल परत न्या किंवा नष्ट करा, असे दोन पर्याय निर्यातदारांपुढे ठेवले गेले. पिकलेला आंबा परत आणणार कोण? तो तेथेच नष्ट झाला. जी बातमी खरी ठरली म्हणून वर सांगितले, तिचीही अवस्था ही.

अणुभट्ट्यांबाबत आता कायद्याची अडचण उरलेली नाही. उरली आहे ती पैशाची. वेस्टिंगहाउसच्या ज्या प्रकारच्या भट्ट्या कोव्वाडासाठी ठरल्या, त्याच प्रकारच्या दोन भट्ट्या अमेरिकेत जॉर्जिया राज्यात व्होगल येथे २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या. ठरल्यापेक्षा त्यांना सुमारे सात वर्षे अधिक लागली आणि खर्च ३० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. या खर्चाने तयार होणारी वीज भारतीय ग्राहकाला परवडणार नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. फ्रेंच भट्ट्यांचे ९,९०० मेगावॅटचे जैतापूर, भूसंपादन आणि आंदोलनांनंतरही, विजेच्या दराच्या याच प्रश्नावर वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. कोव्वाडाचा करार उद्या संसदेसमोर आला, तर पहिला प्रश्न दराचा विचारावा लागेल, आणि दुसरा, साठ वर्षांचे इंधन कोणाच्या सहीने येणार, हा.